शिजलाय का बघा, वस्ताद

काकूंचं खरं नाव हॉस्पिटलात कुणाला ठाऊक नाही. मोठे डॉक्टर असोत नाहीतर फरशी पुसणाऱ्या बाया, सगळ्यांच्या त्या ट्रॉलीकाकू. तिसऱ्या मजल्यावर लकव्याच्या रुग्णांचा वॉर्ड आहे, अठ्ठावीस खाटांचा, आणि बहुतेक खाटांवरचं माणूस सत्तरीच्या पुढचं. तिथे दिवसातून तीनदा जेवणाची ट्रॉली न्यायची, ताटं द्यायची, ज्यांचा हात चालत नाही त्यांना भरवायचं, उष्टी ताटं गोळा करून खाली स्वयंपाकघरात आणायची, असं एकूण काम. तीस वर्षं हेच. ट्रॉलीचं एक चाक गेली पाच वर्षं डावीकडे ओढतंय, ते काकू कंबरेने सरळ करतात आणि संध्याकाळी घरी कंबर शेकत बसतात. तक्रार लिहून द्या म्हटलं तर म्हणतात, "दिली होती की. चाक बदललं नाही, तक्रारीचा कागद मात्र तीनदा बदलून मागितला."

तोंडाने फटकळ बाई. एकदा पट्टा सुटला की समोर कोण आहे ते बघत नाहीत. पण गंमत अशी की भरवायला दुसरं कुणी आलं तर निम्मी म्हातारी माणसं मान फिरवून दाराकडे बघत बसतात. काकू बोलतात, पण खोटं बोलत नाहीत. भोपळा अळणी असेल तर "आज अळणी आहे, डोळे मिटून गिळा" असं सांगूनच चमचा पुढे करतात.

हे सगळं काम काकूंना शिकवलं वस्तादांनी. वस्ताद म्हणजे स्वयंपाकघराचे मुख्य आचारी. एकतीस वर्षं चारशे माणसांचं जेवण घड्याळाच्या काट्यावर काढलं त्यांनी. उंच, काटकुळा माणूस, आवाज मात्र रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. कौतुक कधी कुणाचं केलं नाही. नापसंत असलं की "छट्", पसंत असलं की काहीच नाही. काकू नव्या होत्या तेव्हा पहिल्याच महिन्यात हे "छट्" ऐकून भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन रडल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात एक दिवस वस्तादांचंच सूप खारट झालं, तेव्हा काकूंनी चाखून त्यांच्या तोंडावर "छट्" म्हटलं. सगळं स्वयंपाकघर हातातलं काम टाकून उभं राहिलं. वस्तादांनी चमचाभर सूप घेतलं, पातेलं खाली उतरवलं आणि म्हणाले, "ही टिकेल."

वस्तादांचे नियम दोन. पहिला असा की लकव्याच्या वॉर्डात जे जाईल ते यंत्रातून घुसळून, लगदा करूनच जाईल. एकदा एका म्हाताऱ्याच्या घशात मांसाचा तुकडा अडकला होता. माणूस वाचला, पण वस्ताद आठ दिवस धड झोपले नाहीत, आणि तेव्हापासून भाजी असो, बटाटा असो, अंडं असो, सगळ्याचा एकच लगदा. दुसरा नियम ताटांच्या तक्त्याचा. प्रत्येक खाटेपुढे तीन चौकोन असतात, सगळं, अर्धं, काही नाही, आणि जेवण झाल्यावर त्यातल्या एकात खूण करायची. पूर्वीच्या बाया घाईघाईत सगळ्यांपुढे "सगळं" लिहून मोकळ्या व्हायच्या. वस्तादांनी काकूंना बजावून ठेवलं होतं, "ताट बघून खूण करायची, तोंड बघून नाही. ताट खोटं बोलत नाही." काकूंनी तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, पण ते पुढे येईलच.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर एका बुधवारी वस्ताद परत आले ते स्ट्रेचरवरून. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि तो पिंपातला आवाज पार बंद. खाट मिळाली एकोणीस नंबरची, खिडकीलगतची. काकू दुपारी ट्रॉली घेऊन आल्या, ताट उचललं, मान वर केली आणि त्यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"वस्ताद," त्या म्हणाल्या. वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पहिला आठवडा काकूंनी जिवाचं रान केलं. आपल्या गुरूला उपाशी कसं ठेवायचं? बाकीची ताटं भराभर उरकून त्या शेवटी एकोणीस नंबरवर येत, खुर्ची ओढून बसत, गळ्याला टॉवेल लावत. "आ करा बघू. एक घास. शहाणे ना तुम्ही?" वस्ताद ओठ असे मिटत की चमचा दातांवर आपटायचा. डाव्या हातात चमचा देऊन पाहिला, तर हात थरथरला, लगदा छातीवर सांडला, आणि त्यांनी चमचा भिंतीकडे फेकला. वस्तादांची बायको रोज अकराच्या बसने यायची. छोटीशी, चुणचुणीत बाई, नजर मात्र कमी झालेली, सगळे तिला वहिनी म्हणायचे. तीही चमचा घेऊन बसायची आणि थकायची.

"माझ्या हाताला चव नाही म्हणून चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी घरचा स्वयंपाकही यांनीच केला," वहिनी सांगायच्या. "आता माझ्या हातात चमचा दिलाय तर तोंडाला कुलूप."

सोमवारी वजन झालं. पाच दिवसांत पावणेदोन किलो उतरलं होतं. डॉक्टर स्वभावाने गरीब माणूस, पण घाईचा. तक्ता वाचत वाचतच चालायचा. तक्त्यावर एकोणीस नंबरपुढे ओळीने "काही नाही". त्यांनी वहिनींना बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं. आणखी एक आठवडा बघू. पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलेलं असलं तर नाकातून पोटात नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल.

"मग नळीसकट घरी न्यायचं का यांना?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्या घरी दुसरं कोण आहे?"

"मी आहे आणि भिंती आहेत."

डॉक्टरांनी तक्ता काखेत घेतला. मग म्हणाले की नळीचं काम एकट्याने, त्यातून नजर कमी असताना, जमणार नाही. अशा रुग्णांसाठी शहराबाहेर एक संस्था आहे, तिथे ठेवावं लागेल. आठवड्यातून एकदा भेटता येतं.

वहिनींनी हातातली टॉवेलाची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. काकू शेजारच्या खाटेवर भरवत होत्या, त्यांच्या कानावर सगळं पडलं. त्या दिवशी त्या कुणालाही एक शब्द फटकन बोलल्या नाहीत, म्हणून वॉर्डातल्या लोकांना वाटलं काकूंची तब्येत बरी नसावी.

आता मंगळवार. वस्तादांच्या शेजारी अठरा नंबरवर एक पोस्टमन होते. त्यांची गाडी रुळावर आली होती, दोन दिवसांत घरी जायचे होते, आणि घरी निघालेल्यांना तेवढी लगद्यातून सूट असे, म्हणून त्यांना साधं जेवण सुरू झालं होतं. त्या दुपारी त्यांच्या ताटात उकडलेल्या बटाट्याचे तुकडे होते. काकूंनी ताट क्षणभर वस्तादांच्या टेबलावर टेकवलं आणि पोस्टमनची खाट वर करायला वळल्या. खाटेचा दांडा फिरवता फिरवता सहज मागे पाहिलं, तर वस्तादांचा डावा हात चादरीतून बाहेर आला होता. हाताने ताट गाठलं, बटाट्याचा एक तुकडा उचलला आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबला.

स्वयंपाकघरात काढलेली एकतीस वर्षं बघा माणसाच्या हातात कशी राहतात. वस्तादांनी बटाटा शिजला की नाही हे कधी सुरी खुपसून पाहिलं नाही. पातेल्यातला एक उचलायचा, दोन बोटांत चेपायचा, मग जिभेवर ठेवायचा. हजारो वेळा केलं असेल. आता डोक्याला काय कळत होतं आणि काय नव्हतं देव जाणे, पण हाताला ते काम पाठ होतं, आणि तेही डाव्या हाताला. तुकडा काही चेपला नाही. मधे गाठ राहिली होती.

"छट्," वस्ताद म्हणाले आणि तुकडा ताटात टाकला.

सहा दिवसांत त्या माणसाच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. काकूंनी तो तुकडा उचलून स्वतः चावून पाहिला. आतून कच्चा.

पोस्टमन म्हणाले, "माझ्या जेवणाचं काय?"

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "तुमचं जेवण नापास झालंय."

पण एकदम तुकडा पुढे करतील तर त्या काकू कसल्या. घशात अडकलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट त्याही विसरल्या नव्हत्या. वॉर्डात एक तरुण मॅडम यायच्या, रुग्णांना काय गिळता येतं आणि काय नाही ते तपासायच्या. काकू त्यांना गिळण्याच्या मॅडम म्हणत. त्या नशिबाने त्याच वेळी चार नंबरपाशी होत्या. काकूंनी जाऊन विचारलं, एकोणीस नंबरला उकडलेल्या बटाट्याचा तुकडा चालेल का?

"मी तर शुक्रवारीच तपासून लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या फाइलमध्ये आहे. त्यांचं गिळणं चांगलं आहे, मऊ तुकडे चालतील. पण मी मऊ लिहिलं की खालून लगदाच येतो. त्याला मी काय करू?"

मग त्यांनी बोटांवर अटी सांगितल्या. पाठ सरळ करून बसवायचं. कुणीतरी समोर हजर पाहिजे. एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. तुकडा दोन बोटांत सहज चेपला गेला पाहिजे. ब्रेड नको, तो टाळ्याला चिकटतो. काकूंनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं, मग जिना उतरून स्वयंपाकघरात गेल्या. ट्रॉली वर तशीच सोडून.

तिथे नवा आचारी. नवा म्हणजे त्याला येऊन नऊ वर्षं झाली होती, पण वस्तादांनंतरचा म्हणून तो नवाच. "वस्ताद असते तर" हे वाक्य ऐकून बिचाऱ्याचे कान किटले होते. काकूंनी त्याच्यासमोर पोस्टमनच्या ताटातला बटाट्याचा तुकडा ठेवला.

"वस्तादांनी कच्चा म्हणून सांगितलंय."

त्याने बटाटा दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "त्यांना बोलता येतं?"

"एवढं येतं," काकू म्हणाल्या.

वीस मिनिटांनी काकू परत वर. वस्तादांना सरळ बसवलं, पाठीला दोन उशा दिल्या. टॉवेल लावला नाही, चमचा आणला नाही, आ करा म्हटलं नाही. बशी डाव्या हाताशी ठेवली आणि जशा तीस वर्षांपूर्वी मोठ्या पातेल्याशी उभ्या राहून विचारायच्या तसं विचारलं, "शिजलाय का बघा, वस्ताद."

हात पुढे आला. तुकडा चेपला गेला. वस्तादांनी बोटांकडे पाहिलं आणि बोटं तोंडात घातली. चावलं, सावकाश, डाव्या बाजूने. गळ्यातला मणी वर गेला, खाली आला. आणि हात दुसऱ्या तुकड्याकडे निघाला.

काकूंना एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि त्याहून जास्त आली स्वतःची लाज. आठवडाभर ज्या माणसाला त्या "शहाणे ना तुम्ही" म्हणत होत्या, त्याच्यापुढे त्या एके काळी लटलट कापायच्या. माझ्या तोंडात कुणी असा चमचा कोंबला असता तर मी चावलं असतं, त्या मनात म्हणाल्या.

मात्र आठ तुकड्यांतले पाच खाली पडले. गोल, ओलसर तुकडे, थरथरणारा डावा हात, ते माशासारखे निसटायचे. पाचवा पडला तेव्हा वस्तादांनी बशी ढकलून दिली.

त्या संध्याकाळी काकूंच्या घरी काय झालं ते सांगायलाच हवं. काकूंचे यजमान घरं रंगवायचं काम करायचे, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. ते जेवायला बसले तर काकूंनी त्यांचा उजवा हात ओढणीने कमरेला बांधला.

"हे काय चाललंय?" यजमान म्हणाले.

"तुम्हाला लकवा झालाय. खा."

समोर उकडलेलं गाजर चार तऱ्हांनी कापून ठेवलेलं. चकत्या, फोडी, बारीक काप आणि बोटासारखे लांब तुकडे. यजमान डाव्या हाताने चाचपडत राहिले. चकत्या ताटभर पळाल्या. बारीक काप मुठीत गेले ते मुठीतच राहिले. फोडी निसटून मांडीवर. लांब तुकडा मात्र मुठीत धरला तरी त्याचं एक टोक वर राहिलं, आणि ते टोक सरळ तोंडात गेलं.

"जमलं," काकू म्हणाल्या. "अजून एक. आता हात हलवत खा, थरथरल्यासारखा."

"माझी भाजी कुठंय?"

"हीच तुमची भाजी."

रात्रीच्या जेवणाला त्या माणसाने अर्धा किलो गाजर, दोन बटाटे आणि एक केळं खाल्लं. काकूंना कळलं की तुकडा आपल्या बोटाएवढा लांब हवा, अंगठ्याएवढा जाड हवा, आणि उकडल्यावर फडक्याने टिपून कोरडा केला की निसटत नाही. भोपळा हातात येताच मोडतो, तो बाद. अंड्याची मऊ पोळी करून तिच्या पट्ट्या कापल्या तर सगळ्यात बेस. यजमानांनी झोपताना विचारलं, "उद्या मी बरा होणार आहे का?" काकूंनी उत्तर दिलं नाही, त्या अंड्याच्या पट्टीची रुंदी बोटांनी मोजत होत्या.

बुधवारपासून बशी सुरू झाली. यादीतलं जेवण बदलायचं तर तीन सह्या आणि आठ दिवस लागतात, म्हणून यादीप्रमाणे लगद्याचं ताट यायचंच, आणि त्याच्या जोडीला नवा आचारी आपणहून एक झाकलेली बशी द्यायचा. तो आता बशीचा निकाल ऐकायला जिन्यापाशी येऊन उभा राहायचा. "काय म्हणाले?" "गाजराला छट्. अंड्याला काही नाही." काही नाही म्हटल्यावर तो खूश होऊन जायचा.

वस्ताद खाऊ लागले. वेळ लागायचा, पाऊण तास, कधी तास. काकूंनी तेवढ्यापुरता आपला क्रम बदलला. एकोणीस नंबरला बशी आधी द्यायची आणि समोरच्या खाटेवर भरवता भरवता लक्ष ठेवायचं. घासाघासाला वस्ताद आधी दाबून बघायचे, मग नाकाशी न्यायचे, मग तोंडात. हातात बळ येत गेलं, सांडणं कमी झालं. शुक्रवारी वहिनी आल्या तर नवरा केळ्याचा लांब काप मुठीत धरून खिडकीबाहेर बघत खात बसलेला. त्या दारातच थांबल्या.

"यांना भरवलं कुणी?"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या. "हीच तर युक्ती आहे. तुम्ही चमचा पर्समध्ये टाका आणि गप्पा मारा त्यांच्याशी."

वहिनींनी चमचा ठेवला. काय बोलावं ते सुचेना, मग घरातला नळ गळतो त्याचं सांगू लागल्या. वस्ताद ऐकत होते. मधेच त्यांनी गाजराचा एक तुकडा बशीच्या कडेला, वहिनींच्या बाजूला सरकवला. वहिनींनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "छान शिजलंय," आणि मग डोळ्याला पदर लावून बसल्या.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि तिथेच काकूंनी घोळ घातला होता, तोही प्रामाणिकपणे. रोज तीन वेळा लगद्याचं ताट जसंच्या तसं परत यायचं. ताट बघून खूण करायची, तोंड बघून नाही. काकू तक्त्यावर खूण करत राहिल्या. काही नाही. काही नाही. काही नाही. बशीसाठी तक्त्यात चौकोनच नव्हता, आणि चौकोन नसलेली गोष्ट लिहायची कुठे, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाही नाही.

रविवार काकूंच्या सुट्टीचा. नवा आचारीही रविवारी नसतो. वॉर्डच्या नेहमीच्या सिस्टर, ज्यांना बशीचं ठाऊक होतं, त्या शनिवारपासून रजेवर गेल्या होत्या. रविवारी ड्युटीवर असलेल्या परक्या डॉक्टरने तक्ता पाहिला, तर एकोणीस नंबरच्या रुग्णाने बारा दिवस काही खाल्लेलं नाही. त्याने लिहून टाकलं, सोमवारी सकाळी नळी घालावी.

सोमवारी सकाळी काकू ट्रॉली घेऊन आल्या तर वस्तादांच्या डोक्याशी पाटी लटकत होती: तोंडाने काही देऊ नये. खाटेपाशी एक ट्रे, त्यात गुंडाळलेली बारीक नळी. वस्तादांनी नळीकडे पाहिलं नाही. त्यांनी काकूंच्या ट्रॉलीवरच्या झाकलेल्या बशीकडे पाहिलं, मग काकूंकडे. वहिनींना फोन गेला होता. त्या अकराची बस न धरता सातच्या बसने आल्या होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"खातायत हो ते," वहिनी नव्या सिस्टरला सांगत होत्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आजी, तक्त्यावर तसं नाहीये," सिस्टर समजुतीने म्हणाल्या. "घरच्यांना तसं वाटतं."

तेवढ्यात डॉक्टर आले, हातात तक्ता, चालता चालता वाचत. काकूंनी ट्रॉली मधे आडवी घातली. ते डावीकडे ओढणाऱ्या चाकामुळे नव्हे, मुद्दाम.

"तक्ता चुकलाय," त्या म्हणाल्या.

"कुणी भरलाय?"

"मी."

डॉक्टरांनी मान वर केली. काकूंनी सगळं सांगितलं. बटाटा, बशी, मॅडमच्या अटी, तीन चौकोन. एरवी घडाघडा बोलणारी बाई, त्या दिवशी एकेक शब्द शोधून बोलत होती. "मी लगद्याची खूण केली. माणसाची करायला हवी होती. चूक माझी आहे. मला घरी पाठवा, नोटीस द्या, काय द्यायचं ते द्या. पण यांच्या नाकात नळी घालण्याआधी एकदा वजन करा."

डॉक्टर सिस्टरकडे वळले. सिस्टरने कपाटातून गिळण्याच्या मॅडमची फाइल काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी उभ्याने वाचली, पहिल्यांदाच न चालता. मग म्हणाले, "खुर्ची आणा."

वजनाची चाकांची खुर्ची आली. दोघांनी धरून वस्तादांना बसवलं. आकडे पुढेमागे झाले आणि थांबले. मागच्या सोमवारपेक्षा सातशे ग्रॅम जास्त.

वहिनींना आकडा दिसत नव्हता. "काय आलं?" त्यांनी काकूंचा दंड धरून विचारलं. "अहो, कुणीतरी सांगा की."

"वाढलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतः ती पाटी काढली आणि सिस्टरच्या हातात दिली. ट्रे परत न्यायला सांगितला. असंच खात राहिले तर गुरुवारी घरी सोडू, म्हणाले. तुकडे कसे कापायचे ते वहिनींनी तोवर शिकून घ्यावं. तक्त्याचं काय करायचं ते बघू असं म्हणून ते पुढे गेले, आणि पाच पावलांवर परत थांबून त्यांनी काकूंच्या नावाने काहीतरी लिहिलं. नोटीस की काय, ते काकूंनी विचारलं नाही. वहिनी खाटेच्या कडेला बसून नवऱ्याचा निकामी हात चोळत होत्या आणि घरी गेल्यावर खाट कुठल्या खिडकीशी लावायची ते त्याला सांगत होत्या.

काकूंनी बशीचं झाकण काढलं. अंड्याच्या पट्ट्या, गाजर, बटाटा. उशीर झाला होता, सत्तावीस ताटं वाढायची होती. बशी ठेवून त्या ट्रॉलीकडे वळल्या आणि एकेक ताट काढू लागल्या.

वस्तादांनी बशीला हात लावला नाही. ते ट्रॉलीकडे बघत होते. पोस्टमनच्या जागी आलेल्या नव्या आजींपुढे काकूंनी लगदा ठेवला, त्यापुढच्याला लगदा, त्यापुढच्याला लगदा. सगळा एकाच रंगाचा. तो वस्तादांचाच लगदा होता, त्यांच्याच नियमाचा. वर्षानुवर्षं रोज खालून पाठवलेला आणि बारा दिवसांपूर्वी पहिल्यांदा जिभेवर घेतलेला. समोरच्या खाटेवर एक आजोबा तोंड मिटून भिंतीकडे वळले होते.

"यांना?" वस्ताद म्हणाले.

शब्द जड होता, अर्धा ओठांतच राहिला, पण सगळ्यांना ऐकू आला. वहिनींचा हात थांबला. काकूंनी वळून पाहिलं. वस्तादांनी डाव्या हाताने बशी उचलली होती, आणि ती हलत होती, तिच्यातलं गाजर कडेला येत होतं, पण त्यांनी ती समोरच्या खाटेच्या दिशेने धरून ठेवली होती. त्यांचे डोळे भरले होते.

"तशी नाही देता येत, वस्ताद," काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी बशी त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. "एकेकाचा घसा तपासून घ्यावा लागतो. मॅडमना विचारावं लागेल, प्रत्येकाचं वेगळं. दहा वाजता येतील त्या. ताटं वाटून झाली की जाते."

वस्तादांनी मान हलवली. नाही. मग बोटाने ट्रॉली दाखवली आणि मग दार. मॅडमची खोली जिन्याच्या पलीकडे होती, आणि तिच्यात दिवा लागलेला इथूनही दिसत होता.

"जा," ते म्हणाले.

काकूंनी हातातलं ताट ट्रॉलीवर परत ठेवलं आणि निघाल्या.